लॅपटॉप उशिरा चालू होतो, आणि रिकव्हरीचा पेनड्राइव्ह कसा बनवायचा? दुकानात रोज विचारले जाणारे प्रश्न

राळेगाव तालुक्यात, कापसाच्या जिनिंगच्या रस्त्यावर आमचं दुकान आहे. अर्ध्यात सेवा केंद्र, अर्ध्यात लॅपटॉप-प्रिंटरची दुरुस्ती. पीक विम्याचे दिवस असले का दुरुस्तीचं टेबल कागदांनी भरून जातं, आणि विमा संपला का तेच लोक आपापले लॅपटॉप काखेत मारून येतात. प्रश्न ठरलेले असतात. तेच उत्तर दिवसातून सात वेळा देण्यापेक्षा एकदा लिहून टाकलं.

भाऊ, लॅपटॉप चालू व्हायला दहा मिनिटं लावून राहिला. फॉरमॅट मारून देता का?

मारून देऊ, त्याला काय लागतं? पण आधी मोबाइलचं स्टॉपवॉच लावा आणि लॅपटॉप नेमका कुठे अडतो ते पाहा. चालू होण्याचे तीन टप्पे असतात आणि तिन्हींचं दुखणं वेगळं असतं.

पहिला टप्पा म्हणजे बटण दाबल्यापासून कंपनीचा लोगो दिसतो तो. इथेच अर्धा-एक मिनिट जात असेल तर विंडोजचा दोष नाही, कारण विंडोज अजून उठलीच नाही. बहुतेक वेळा काहीतरी यूएसबीला लागलेलं असतं: जुना पेनड्राइव्ह, कार्ड रीडर, प्रिंटर. सगळं काढून पुन्हा चालू करून पाहा. तरीही लोगो हलत नसेल तर हार्डडिस्क उत्तर द्यायला वेळ लावते आहे, असा संशय घ्यायचा. टास्क मॅनेजरच्या (कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबलं का उघडतो) स्टार्टअप पानावर वर उजव्या कोपऱ्यात ‘लास्ट बायोस टाइम’ असा सेकंदांचा आकडा बऱ्याच लॅपटॉपांवर दिसतो. तो याच टप्प्याचा; बायोस म्हणजे विंडोजच्या आधी उठणारं, मदरबोर्डमधलं सॉफ्टवेअर.

दुसरा टप्पा गोल फिरणाऱ्या ठिपक्यांचा. इथे अडत असेल तर डिस्क, ड्रायव्हर (एकेक भाग चालवणारं सॉफ्टवेअर) किंवा अर्धवट राहिलेलं अपडेट. तिसरा टप्पा सर्वांत फसवा: डेस्कटॉप दिसतो, आयकॉन दिसतात, पण क्लिक केलं का बाणाचा गोल होतो आणि फिरतच राहतो. इथे दोषी असतात सोबत सुरू होणारे प्रोग्राम, कमी रॅम, आणि पुन्हा तीच जुनी हार्डडिस्क.

तीन आकडे कागदावर लिहून आणले तर आमचं अर्धं काम तुम्हीच केलं समजा. नुसतं “लय स्लो झाला” म्हटल्यावर आम्हाला तो खोलूनच पाहावा लागतो.

मग सुरुवात कशापासून करायची?

काहीही काढायच्या, दाबायच्या, ‘क्लीन’ करायच्या आधी दोन गोष्टी. आपल्या फाइलींची कॉपी दुसरीकडे, आणि रिकव्हरीचा, म्हणजे विंडोज बिघडली तर ती परत बसवायचा पेनड्राइव्ह. लॅपटॉप रडतखडत का होईना, पण चालू होतो आहे तोवरच हे जमतं. तो पेनड्राइव्ह त्याच लॅपटॉपमधून बनतो. ज्या दिवशी काळी स्क्रीन येते त्या दिवशी तो बनवायचा मार्ग बंद झालेला असतो, आणि नेमक्या त्याच दिवशी लोकांना तो आठवतो.

एक किस्सा सांगतो. जिल्हा परिषद शाळेतल्या एका गुरुजींनी शहरातल्या एका दुकानात लॅपटॉप ‘फास्ट’ करायला दिला. त्याने पूर्ण डिस्क पुसली, त्यात कंपनीने दिलेला रिकव्हरीचा लपलेला भागही गेला, आणि वर कुठली तरी क्रॅक केलेली विंडोज टाकून दिली. लॅपटॉप दोन दिवस पळाला. मग वायफाय दिसेना, आवाज येईना, आणि गुरुजींच्या बारा वर्षांच्या प्रश्नपत्रिका उघडल्यावर अक्षरांच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा नुसता चिवडा. फाइली शाबूत होत्या, गेला होता तो कृतिदेव फाँट. कृतिदेव युनिकोड, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठी दिसेल अशा पद्धतीचा, नाही. फाँट नसला का मराठी मजकूर इंग्रजी कचऱ्यासारखा दिसतो. फाँट टाकला, प्रश्नपत्रिका परत आल्या. पण तोवर गुरुजींनी दोन रात्री झोप घेतली नव्हती.

म्हणून कॉपी करताना डॉक्युमेंट आणि फोटोंच्या सोबत या गोष्टीही घ्या: कृतिदेव किंवा तुमचे जे जुने मराठी फाँट असतील ते, टॅलीचा डेटा फोल्डर, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, आणि डेस्कटॉपवरचं सगळं. डेस्कटॉप हा सी ड्राइव्हचाच भाग आहे, हे निम्म्या लोकांना माहीत नसतं. डिजिटल सहीचा टोकन वेगळा असतो, त्यातली सही जात नाही. पण त्याचा ड्रायव्हर मात्र परत टाकावा लागतो.

रिकव्हरी पेनड्राइव्हमध्ये माझे फोटो, फाइली येतात का?

नाही. हा सर्वांत मोठा गैरसमज आहे. त्यात फक्त विंडोज आणि दुरुस्तीची अवजारं असतात. उलट त्यातून ‘रिकव्हर फ्रॉम अ ड्राइव्ह’ केलं तर लॅपटॉपमधल्या फाइली आणि टाकलेले प्रोग्राम पुसले जाऊन विंडोज नव्याने बसते. त्याच पेनड्राइव्हमधला ‘स्टार्टअप रिपेअर’ मात्र फाइलींना हात लावत नाही, म्हणून पहिले तो करून पाहायचा.

ठीक आहे, कसा बनवायचा तो? घरीच जमेल का?

जमेल. १६ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या, ३२चा असला तर अजून चांगलं. त्यात लग्नाचे व्हिडिओ असतील तर आधी काढून घ्या, कारण पेनड्राइव्ह पूर्ण पुसला जातो, आणि मशीन त्याची सूचना एकदाच देते.

विंडोज १० किंवा ११ मध्ये खालच्या शोधपट्टीत ‘रिकव्हरी ड्राइव्ह’ असं इंग्रजीत टाइप करा. ‘क्रिएट अ रिकव्हरी ड्राइव्ह’ येईल. उघडलं का एक चौकोन दिसेल, ‘बॅक अप सिस्टीम फाइल्स’ असं लिहिलेला. त्यावर टिक असलीच पाहिजे. टिक काढली तर लहानसा, फक्त दुरुस्तीपुरता पेनड्राइव्ह बनतो; डिस्क मेली तर त्यातून विंडोज परत बसत नाही. पुढे पेनड्राइव्ह निवडा, नाव दोनदा वाचा (बाहेरची हार्डडिस्क लागलेली असेल तर तीही त्याच यादीत दिसते, आणि चुकून तीच निवडणारे लोक आम्ही पाहिलेले आहेत), आणि क्रिएट दाबा.

मग बसून राहू नका. तास लागतो, जुन्या हार्डडिस्कवर दोन-अडीच तासही लागतात. हिरवी पट्टी मध्येच थांबल्यासारखी दिसते, तिला दिसू द्या. रात्री जेवण झाल्यावर लावायचं आणि झोपायच्या आधी पाहायचं, हे उत्तम. लॅपटॉपची झोपेची (स्लीप) वेळ मात्र सेटिंगमध्ये बंद करून ठेवा, नाहीतर लॅपटॉप तुमच्या आधी झोपतो.

६४ जीबीचा पेनड्राइव्ह वापरला आणि नंतर तो ३२ जीबीच दिसला तर घाबरू नका. विंडोज त्यावर ३२ जीबीचाच भाग बनवते. बाकीची जागा नंतर परत मिळवता येते.

झाल्यावर पेनड्राइव्हला कागदाची पट्टी चिकटवा आणि त्यावर लॅपटॉपचं मॉडेल आणि तारीख लिहा. वर्षातून एकदा नवा बनवा, कारण विंडोज अपडेट होत राहते आणि पेनड्राइव्ह तिथेच राहतो. आणि तो रोजच्या किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवू नका. सात-बारा आणि पासबुक ठेवता त्या कपाटात ठेवा.

बनत असताना लाईट गेली तर?

बॅटरी चांगली असेल तर काही होत नाही. बॅटरी मेलेली असेल तर लॅपटॉप तिथेच बंद पडेल, पेनड्राइव्ह अर्धवट राहील. लॅपटॉपचं त्यात नुकसान नाही, पेनड्राइव्ह पुन्हा पहिल्यापासून बनवायचा. आपल्याकडे भारनियमनाचं वेळापत्रक असतंच, ते पाहून बसा.

पण बॅटरी मेलेला लॅपटॉप वर्षानुवर्षं चार्जरवर चालवणं हे मुळात उशिरा चालू होण्याचं एक मोठं कारण आहे. लाईट डोळा मारते, लॅपटॉप धाडकन बंद होतो, विंडोज फाइल लिहीत असताना मध्येच तुटते. पुढच्या वेळी उठताना ती डिस्क तपासत बसते, आणि तुम्ही वैतागून बटण पाच सेकंद दाबून परत बंद करता. हे चार-सहा वेळा झालं का विंडोजच्या फाइली खरंच खराब होतात. जिथे सिंगल फेजवर गाव चालतं तिथे नवी बॅटरी, नाहीतर इन्व्हर्टरचं एक कनेक्शन टेबलापर्यंत आणणं, हा खर्च फुकट जात नाही.

आमच्याकडे जुना लॅपटॉप आहे, विंडोज ७ चा. त्यात डीव्हीडी बनवा असं येते. बनवायची का?

हो. हार्डडिस्क अजून चालू असेल तर आजच. त्या काळात कंपन्या लॅपटॉपसोबत डीव्हीडी देत नव्हत्या. डिस्कच्या एका लपवलेल्या भागात सगळं ठेवून ‘तुम्हीच जाळून घ्या’ म्हणायच्या. कंपनीच्या नावाचा रिकव्हरी मॅनेजर स्टार्ट मेनूत असतो. साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतं, म्हणून एका संचाला चार-पाच डीव्हीडी लागू शकतात. मशीन सुरुवातीलाच आकडा सांगते, एक जास्तीची जवळ ठेवा.

काही कंपन्यांचं सॉफ्टवेअर आयुष्यात एकदाच संच बनवू देतं, दुसऱ्यांदा ‘आधीच बनवला आहे’ म्हणून नकार देतं. म्हणून घाईने स्वस्तातली रीराइटेबल डिस्क वापरू नका. एकदाच लिहिता येणारी डीव्हीडी-आर घ्या, जाळायचा वेग निवडता येत असेल तर कमी ठेवा, आणि प्रत्येक डिस्क बाहेर आली का लगेच मार्करने क्रमांक टाका. पाच एकसारख्या चकत्या टेबलावर पडल्या का तिसरी कोणती हे देवही सांगू शकत नाही. बॉलपेन नको, वरचा थर ओरखडतो.

ठेवायची जागा थंड आणि अंधारी हवी. टिनाच्या छताखालच्या माळ्यावर ठेवलेली डीव्हीडी दोन-चार मे महिने काढेल याची खात्री नाही. उन्हाने आणि उष्णतेने त्यातला रंगाचा थर उतरतो. विंडोज ७ च्या बॅकअपच्या पानावर ‘सिस्टीम रिपेअर डिस्क’ असंही एक असतं, ते एकाच डिस्कमध्ये मावतं. पण तो फक्त डॉक्टरची पेटी आहे, त्यात विंडोज नाही. दोन्हींची गल्लत करू नका.

आणि विंडोज ७ ला १४ जानेवारी २०२० नंतर सुरक्षेची अपडेटं नाहीत. तो लॅपटॉप टायपिंगला आणि जुन्या प्रिंटरला ठेवा, बँकेच्या कामाला नको.

नवी विंडोज डाउनलोड करून पेनड्राइव्ह बनवला तर नाही चालत का?

चालतो की. मायक्रोसॉफ्टचं ‘मीडिया क्रिएशन टूल’ फुकट आहे, ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो, आणि तो कोणत्याही लॅपटॉपला चालतो. अडचण वेगळीच आहे: डाउनलोड चार-पाच जीबीच्या वर जातं आणि आपल्या मोबाइलचा दिवसाचा डेटा दीड-दोन जीबी. मध्येच नेट संपलं का टूल बऱ्याचदा सुरुवातीपासून मागतं. रिकव्हरी ड्राइव्हचं मला आवडतं ते हेच, त्याला एक एमबीही नेट लागत नाही.

ज्यांच्याकडे फायबर आहे त्यांच्याकडून आयएसओ फाइल (अख्खी विंडोज एकाच फाइलीत) पेनड्राइव्हवर आणता येते. पण पेनड्राइव्ह फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर चार जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसत नाही, आणि ‘जागा आहे तरी कॉपी होत नाही’ म्हणून लोक पेनड्राइव्ह बदलत बसतात. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, बसेल.

डेल, एचपी आणि लेनोवो आपल्या लॅपटॉपांची मूळ रिकव्हरी खालच्या स्टिकरवरच्या नंबरावरून डाउनलोड करू देतात. सगळ्या मॉडेलांना नाही, पण विचारून पाहायला हरकत नाही. खालचं स्टिकर पुसट होण्याआधी त्याचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा.

लायसनची काळजी करू नका. विंडोज ८ पासून पुढच्या, कंपनीकडून विंडोजसह आलेल्या लॅपटॉपांत लायसनची किल्ली मदरबोर्डच्या चिपमध्येच असते. तीच आवृत्ती टाकली (आपल्याकडे बहुतेक होम सिंगल लँग्वेज असते) तर नेट लागल्यावर ती आपोआप ॲक्टिव्हेट होते. पैसे घेऊन ‘ॲक्टिव्हेटर’ टाकून देणारा माणूस तुमच्याच मालकीची वस्तू तुम्हाला विकतो आहे, आणि सोबत काय काय टाकतो ते तोच जाणे.

पेनड्राइव्ह लावला, पण लॅपटॉप त्यातून सुरूच होत नाही.

बटण दाबल्या दाबल्या एक कळ टकटक दाबत राहायची, लोगो निघून जायच्या आधी. डेल आणि लेनोवोला एफ१२, एचपीला एस्केप आणि मग एफ९, आसुसला एस्केप. एसरला एफ१२, पण ते आधी एफ२ ने बायोसमध्ये जाऊन चालू करावं लागतं. लेनोवोच्या काही मॉडेलांत बाजूला एक बारीक भोक असतं, त्यात टाचणी घातली का मेनू येतो. ते भोक पाहून एकाने रीसेटचं समजून वर्षभर हात लावला नव्हता.

मध्येच ४८ आकड्यांची किल्ली मागून राहिला. हे काय नवीन?

बिटलॉकर. डिस्कला कुलूप आहे. नव्या विंडोज ११ लॅपटॉपांत मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं का हे कुलूप बऱ्याचदा गुपचूप लागतं, आणि बायोसमध्ये काही बदललं किंवा वेगळ्या पेनड्राइव्हने दुरुस्ती करायला गेलं का किल्ली मागतं. किल्ली त्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. दुसऱ्या कुणाच्या मोबाइलवर त्या खात्यात लॉगिन करून पाहता येते.

अडचण अशी की ते खातं बनवलं कुणी? लॅपटॉप घेतला तेव्हा दुकानातल्या पोट्ट्याने स्वतःचा एखादा ईमेल टाकून सेटअप करून दिलेला असतो. एका ताईंच्या मुलीचा अभियांत्रिकीचा सगळा प्रोजेक्ट असाच अडकला. ज्याने खातं बनवलं त्याचा नंबर बंद. किल्ली मिळाली नाही. किल्लीशिवाय कुलूप उघडायची जादू आमच्याकडे नव्हती, कुणाकडेच नसते. डिस्क पुसावी लागली. ती मुलगी खुर्चीवर बसून स्क्रीनकडे पाहत होती, रडली नाही, फक्त “परत लिहीन” म्हणाली. आता मी नवा लॅपटॉप पाहिला का पहिला प्रश्न हाच विचारतो: खातं कुणाचं? किल्ली आजच पाहून वहीत लिहून ठेवा. वही. लॅपटॉपमधली फाइल नाही.

सोबत सुरू होणारे प्रोग्राम बंद करायचे म्हणतात. कोणते करू?

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडतो. त्यात स्टार्टअपचं पान. विंडोज ७ मध्ये हेच एमएसकॉन्फिगमध्ये असतं. समोर ‘हाय’ लिहिलेले आधी पाहा. चॅटचे, गाण्यांचे, गेमचे, टॉरेंटचे, मीटिंगचे, प्रिंटर कंपनीचे ‘असिस्टंट’ असे सगळे बिनधास्त डिसेबल करा. त्याने प्रोग्राम उडत नाही, फक्त न बोलावता येणं बंद होतं.

सेवा केंद्रवाल्यांनी मात्र सावध राहायचं. अंगठ्याच्या मशीनची आरडी सर्व्हिस, डिजिटल सहीच्या टोकनचं सॉफ्टवेअर, यांना हात लावू नका. मी स्वतः एकदा सफाईच्या भरात आरडी बंद करून बसलो. सकाळी दहाला दुकानासमोर रांग, एका आजीबाईचा अंगठा पुसून पुसून लाल झाला, आणि मी मशीनची वायर बदलतो आहे, पोर्ट बदलतो आहे. दुपारी उमगलं. आजीबाईने चहा पाजून घेतला माझ्याकडून, वाजवीच होतं.

अँटिव्हायरस दोन असतील तर एक काढा. दोघं एकमेकांची प्रत्येक फाइल तपासत बसतात. घरगुती वापराला विंडोजचा स्वतःचा डिफेंडर पुरतो.

मी तर रोज शटडाउन करतो. तरी म्हणता रीस्टार्ट करा?

हो. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाचा प्रकार आहे. शटडाउन केलं तरी विंडोजचा गाभा डिस्कवर तसाच गोठवून ठेवला जातो आणि सकाळी तोच वितळवून समोर येतो. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, सीपीयू, खाली ‘अप टाइम’ पाहा. रोज बंद करणाऱ्या माणसाच्या लॅपटॉपवर तिथे वीस-पंचवीस दिवस दिसतात. साचलेला कचरा रीस्टार्टनेच जातो. आठवड्यातून एकदा करा. शिफ्ट दाबून शटडाउन केलं तरीही पूर्ण बंद होतो.

डिस्क १०० टक्के दाखवते, कर्सर हलत नाही. सगळं बंद करून पाहिलं.

मग बाकी उपाय सोडा, दोष हार्डडिस्कचा आहे. फिरणारी हार्डडिस्क म्हणजे जुन्या काळचं तलाठ्याचं दप्तर. एका सात-बाराचा उतारा हवा असेल तर फळीवरून कागदांचा बांधलेला रुमाल काढायचा, गाठ सोडायची, पान शोधायचं, गाठ बांधायची, मग दुसरा रुमाल. लॅपटॉपच्या बहुतेक हार्डडिस्कची तबकडी मिनिटाला ५,४०० वेळा फिरते, तरी सुई एका जागेवरून दुसऱ्या जागी जायला दहा-पंधरा मिलिसेकंद घेतेच. विंडोज उठताना हजारो लहान फाइली मागते. हिशेब तुम्हीच करा. एसएसडी म्हणजे चिपवर साठवणारी डिस्क, तिच्यात फिरणारं काहीच नाही. सगळे रुमाल सोडून टेबलावर पसरलेले.

म्हणून २०१५ ते २०२० दरम्यानच्या हार्डडिस्कवाल्या लॅपटॉपला एसएसडी टाकणं, यासारखा दुसरा उपाय मला माहीत नाही. चार-पाच मिनिटांचं चालू होणं अर्ध्या मिनिटाच्या आत येतं. २५६ जीबी बहुतेकांना पुरते. जुनी हार्डडिस्क डब्यात घालून फोटो ठेवायला वापरता येते, जर ती निरोगी असेल तर. नागपूरला सीताबर्डीवरून आणायची असेल तर आधी आम्हाला मॉडेल दाखवा: काहींना अडीच इंची साटा लागते, काहींना एम.२ चा पातळ पत्रा, आणि एम.२ मध्येही दोन जाती आहेत. दिसायला जवळपास सारख्या, लागायला वेगळ्या. चुकीची आणली का परत करायला पुन्हा एसटीने जावं लागतं.

आतून टकटक आवाज येतो.

बंद करा. आत्ता. परत परत चालू करून ‘आता तरी येतो का’ पाहू नका, प्रत्येक वेळी सुई तबकडीवर आणखी ओरखडे काढू शकते. आवाज नसेल पण शंका असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर डिस्कची तब्येत सांगतं. निळं म्हणजे ठीक, पिवळं ‘कॉशन’ म्हणजे आजच फाइली काढा. अशा डिस्कवर डीफ्रॅग (फाइली सरकवून नीट लावणं) किंवा चेकडिस्क (डिस्क तपासून दुरुस्त करणं) चालवू नका. मरायला टेकलेल्या बैलाला औताला जुंपण्यासारखं आहे ते. आधी फाइली, मग बाकी.

उन्हाळ्यात जास्तच स्लो होतो. खरं आहे का?

खरं आहे, पण चालू होण्यापेक्षा चालू झाल्यावर जास्त. बहुतेक लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी बनवलेले असतात. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या तापत्या नऊ दिवसांत, आपल्याकडे सावलीत ४५. प्रोसेसर तापला का स्वतःला वाचवायला वेग कमी करतो.

त्यात आपला खास शत्रू, कापूस. दसऱ्यानंतर जिनिंग सुरू झाल्या का हवेत रुई तरंगते, पंखा ती ओढतो, आणि पंखा आणि तांब्याच्या जाळीच्या मध्ये ती थरावर थर बसते. मागच्या हंगामात जिनिंगच्या काट्यावर बसणाऱ्या एका दादांचा लॅपटॉप उघडला. चिमट्याने ओढली तर काडेपेटीएवढी गादी एका तुकड्यात बाहेर आली, राखाडी, घट्ट, वरून मऊ. दादांनी ती हातात घेऊन चोळली आणि म्हणाले, “आखूड धागा आहे.”

घरी ब्लोअर मारायचा असेल तर पंख्याच्या पात्यात काडी अडकवून मारा, मोकळा पंखा हवेने भलत्याच वेगात फिरून बिघडतो. गादीवर, उशीवर लॅपटॉप ठेवू नका. आणि कूलरच्या थेट झोतातही नको. गार वाटतं खरं, पण त्या हवेत पाण्याचा अंश असतो. कीबोर्डखाली गंज धरलेले लॅपटॉप आमच्याकडे जूनमध्येच येतात.

चालू करताना दर वेळी एफ१ दाबा म्हणतो, आणि तारीख जुनीच.

आतला नाण्यासारखा सेल गेला. वायरवाला असतो, तसाच आणावा लागतो. तारीख चुकली का वेबसाइटीही ‘सुरक्षित नाही’ म्हणून उघडत नाहीत, त्यामुळे लोक नेटला शिव्या देतात.

चार्जर बदलल्यापासून हळू झाला, असं होते का?

होतं. काही लॅपटॉप चार्जर ओळखता आला नाही तर मुद्दाम प्रोसेसरचा वेग पाडतात. रस्त्यावरचा डुप्लिकेट काढून मूळ वॅटचा लावून पाहा.

विंडोज ११ टाकली तर फास्ट होईल का?

जुन्या हार्डडिस्कवर तर आणखी हळू होईल. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि साधारण आठव्या पिढीच्या पुढचा इंटेल प्रोसेसर लागतो. ४ जीबी हे फक्त कागदावर, ८ जीबीशिवाय हात लावू नका. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, हे खरं. ११ ज्यात बसत नाही अशा लॅपटॉपला आम्ही विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टीम टाकून देतो. ब्राउझर, टायपिंग, यूट्यूब सगळं चालतं. टॅली आणि अंगठ्याच्या मशीनचं काम असेल तर मात्र नको.

पीसी क्लीनर, बूस्टर वगैरे?

नको.

लॅपटॉप आणताना सोबत काय आणू? दुकान केव्हा उघडं असतं?

चार्जर आणा, मूळचा. लॅपटॉपचा पासवर्ड माहीत असलेला माणूस आणा, नाहीतर तो फोनवर उचलेल याची खात्री करून या. १६ किंवा ३२ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह आणा. खरंच रिकामा, कारण “त्यात काही नाही भाऊ” म्हणून दिलेल्या पेनड्राइव्हमध्ये आम्हाला बारशाचे फोटो सापडलेले आहेत. मोटरसायकलच्या डिक्कीत चालू स्थितीत टाकून आणू नका, हार्डडिस्कवाला तर मुळीच नाही. पूर्ण बंद करून आणा. मे महिन्यात दुपारी बारा ते चार शटर खाली असतं. सकाळी आठला या, तेव्हा लाईटही असते.